चिकूला मोकळं कुठे सोडायचं?

पत्र

नमस्कार काका. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही पुण्याहून दारव्ह्याला आलो. घरात सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, चिकू. पुण्यात घराजवळ कुंपण घातलेली एक जागा होती. तासाचे पैसे भरायचे आणि कुत्र्याला मोकळं सोडायचं. मुलंही तिथे रमायची. इथे तसं काही नाही. रस्त्यावर पट्टा लावून नेलं तर कोपऱ्यावरची पाच-सहा कुत्री अंगावर येतात. शकुंतला रेल्वेच्या बंद रुळांच्या बाजूने एकदा सोडलं, तर बकऱ्यांच्या मागे पळाला आणि बकऱ्यावाल्या बाबांनी आम्हाला चांगलंच सुनावलं. आता तो दिवसभर गच्चीवर भुंकतो, चपला फाडतो. घरमालक कुरकुर करतात. नवरा म्हणतो, ओळखीच्या शेतकऱ्याला राखणीसाठी देऊन टाकू, तिथे तरी मोकळा राहील. ते ऐकून मुलगी धड जेवत नाही. मुलांना घेऊन जाता येईल आणि चिकूलाही सोडता येईल अशी जागा आसपास कशी शोधू?

उत्तर

ताई, आधी तुमच्या मुलीला सांगा की चिकू कुठेही जाणार नाही. मग नवऱ्याशी बोला. वावरात दिला म्हणजे तो मोकळा राहील, हा त्यांचा समज चुकीचा आहे. राखणीचा कुत्रा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साखळीला असतो, आणि जागलीचा माणूस घरी गेला की एकटा असतो. बिबट्या गावाच्या आसपास फिरतो तो मुख्यतः कुत्री, बकऱ्या आणि वासरांसाठी. साखळीतल्या कुत्र्याला पळायलाही जागा नसते. शिवाय लॅब्रॅडॉर हा थंड प्रदेशातला, पाण्यात पोहून मासेमारांना मदत करणारा कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या झोपडीच्या सावलीत तो टिकणार नाही. गावठी कुत्रा टिकतो, कारण त्याच्या कित्येक पिढ्या या मातीत वाढल्या आहेत. आणि राखण करायला माणसावर संशय घ्यावा लागतो. तुमचा चिकू चोराच्याही पायात शेपूट हलवत जाईल.

आता जागेचं. डॉग पार्क ही शहरातल्या अडचणीतून निघालेली सोय आहे. अमेरिकेत बर्कलीला १९७९ साली ओहलोनी पार्कमध्ये तशी जागा सुरू झाली. आपल्या देशात हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला कुत्र्यांसाठी बाग उघडली. अशा बागेत असतं काय? कुत्र्याला उडी मारता येणार नाही असं कुंपण, बंद होणारं फाटक, सावली आणि पाणी. चांगल्या बागेत फाटकं दोन असतात, एकामागे एक. पहिलं लावून घेतल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे आत येणाऱ्याच्या पायातून आतला कुत्रा बाहेर सटकत नाही. एवढंच. हे सगळं तुमच्या गावाजवळ आधीच बांधून ठेवलेलं आहे, फक्त त्याला आपण लॉन म्हणतो.

लग्नाचा लॉन. आपल्या विदर्भात तालुक्याच्या गावाला जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक-दोन लॉन असतातच. भिंतीचं कंपाउंड, लोखंडी गेट, हिरवळ, नळ, चार झाडं, राहणारा चौकीदार. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, आपल्याकडे लग्नं लागत नाहीत. ते चार महिने लॉन बहुतेक रिकामा पडून असतो. वाढदिवस किंवा राजकीय सभा सोडली तर कोणी फिरकत नाही. आणि नेमके तेच चार महिने वावरात पीक उभं असतं, फवारण्या चालू असतात, साप बाहेर असतात, पांदणीत, म्हणजे शेतरस्त्यावर, गुडघाभर चिखल असतो. वावर बंद तेव्हा लॉन उघडा. लग्नसराई सुरू होऊन लॉन भरला की तिकडे वावर मोकळं व्हायला लागतं. एवढं सरळ गणित आपल्या डोळ्यांसमोर आहे, पण कुत्र्याच्या संदर्भात कोणी ते मांडत नाही.

लॉनच्या मालकाकडे तुम्ही आणि तुमचे यजमान दोघं जा, चिकूला घरी ठेवून. फुकट मागू नका. आठवड्यातले तीन दिवस, सकाळचा एक तास, महिन्याचे अमुक पैसे, असं ठरवा. घाण आम्ही उचलू, खड्डा उकरला तर आम्ही बुजवू, हिरवळीचं नुकसान झालं तर भरून देऊ, हे आपणहून बोला. मालकाच्या मनात हीच भीती असते. चौकीदारालाही काहीतरी द्या, कारण फाटक त्याच्या हातात आहे. शक्य झालं तर कुत्रा असलेली आणखी दोन-तीन घरं शोधा. तालुक्याच्या गावात डॉक्टरकडे, शिक्षकाकडे, कृषी केंद्रवाल्याकडे हमखास एखादा लॅब्रॅडॉर किंवा पॉमेरेनियन असतो आणि तोही गच्चीवर भुंकत असतो. पैसे वाटून घेता येतील आणि चिकूला सोबत मिळेल. पण पहिल्या दिवशी दोन कुत्री एकदम सोडू नका. आधी बाहेर रस्त्यावर दोघांना पट्ट्यात, समांतर, थोडं अंतर राखून चालवा. मग आत न्या.

आत सोडण्याआधी स्वतः एक चक्कर मारा. लॉनमध्ये स्वयंपाकाच्या मांडवामागे बघा. तिथे फुटलेल्या बाटल्या, तारा, प्लास्टिकचे द्रोण, शिळं अन्न असतं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून टोकदार होतात आणि कुत्र्याच्या आतड्यात रुततात. चौकीदाराला एक प्रश्न नक्की विचारा: उंदरांसाठी काही टाकलंय का? झिंक फॉस्फाइडची पूड कणकेत किंवा भजीत घालून कोपऱ्यात ठेवायची पद्धत सगळीकडे आहे, आणि लॅब्रॅडॉर दिसेल ते गिळतो.

आता वावराकडे येऊ. तुमचं पत्र आलं तेव्हा तुमच्याकडे कापसाचा शेवटचा वेचा चालू असेल. तुम्ही पुण्याच्या, म्हणून सांगतो. वेचणी संपली, तूर निघाली की आपल्याकडे उलंगवाडी होते, म्हणजे हंगाम संपून वावरं रिकामी होतात. पूर्वी उलंगवाडी झाली की गावची गुरं कोणाच्याही वावरात मोकळी चरायची. कोणाचा कोणाला अटकाव नसायचा. आता तारा आल्या, ओलिताची पिकं आली, तरी तो रिवाज अजून पुष्कळ गावांत थोडाफार उरला आहे. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही कोणा शेतकऱ्याला म्हणालात, "भाऊ, रविवारी सकाळी तासभर कुत्रा सोडू का तुमच्या वावरात?" तर त्याला ते विचित्र वाटणार नाही. तो हसेल, पण हो म्हणेल. परवानगी मात्र प्रत्येक वेळी घ्या, आणि ज्याचं वावर आहे त्याच्याकडूनच घ्या. बटईने, म्हणजे वाट्याने, दुसरा कोणी करत असेल तर त्याच्याकडून.

कुठलं वावर? ज्याला चारही बाजूंनी धुरे, म्हणजे बांध, ठळक आहेत, शेजारी हरभरा किंवा गहू उभा नाही, डांबरी रस्ता लांब आहे, असं. तूर किंवा पऱ्हाटी (कपाशीची झाडं) नुकतीच कापलेली असेल तर जाऊ नका. तुरीचा तिरपा कापलेला खुंट खिळ्यासारखा असतो. पळता कुत्रा त्यावर छातीने आला तर आत घुसतो. रोटाव्हेटर मारलेल्या वावरातही पऱ्हाट्यांचे अणकुचीदार तुकडे वर पडलेले असतात. सगळ्यात बरं म्हणजे वखरलेलं, ढेकळं फुटलेलं रान किंवा वर्षभर पडीत ठेवलेला तुकडा. माझी साधी परीक्षा आहे: चप्पल काढून दहा पावलं चाला. तुम्हाला जमलं तर कुत्र्याला जमेल. एप्रिलनंतर मात्र काळ्या मातीला हात हात खोल भेगा पडतात. पळताना पाय अडकून मोडू शकतो आणि त्या भेगांत साप असतात. तेव्हा वावराचा मोसम संपला असं समजा.

यापुढचं नीट वाचा, यजमानांनाही वाचायला द्या.

शेततळं. आमच्या भागात गेल्या दहा वर्षांत खूप शेततळी झाली, आणि बऱ्याच तळ्यांत पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिक अंथरलेलं असतं. त्याचे काठ उतरते आणि निसरडे असतात. आत पडलेल्या प्राण्याला पाय रोवायला काही मिळत नाही. पोहता येणारा कुत्रासुद्धा वर चढायचा प्रयत्न करत करत दमतो आणि बुडतो. माझा कुत्रा, राजा, असाच गेला असता. उन्हातून आला, पाणी दिसलं, उडी मारली. मी हाका मारत होतो आणि त्याच्या नख्या प्लास्टिकवरून घसरत होत्या. शेजारच्या वावरात वखर चालू होता म्हणून माणूस धावत आला. त्याने बैलाचा कासरा सोडून आणला. मी पोटावर झोपलो, त्याने माझे पाय धरले, तेव्हा कुठे राजाच्या गळ्यात फास टाकता आला. पंधरा मिनिटं गेली असतील. अजूनही शेततळं दिसलं की मी आधी मुलं मोजतो, मग कुत्री. ताई, तुमच्याबरोबर चार वर्षांचा मुलगा आहे. ज्या वावरात किंवा ज्याच्या शेजारच्या वावरात उघडं शेततळं किंवा बिनकठड्याची विहीर आहे, तिथे तुम्ही जायचं नाही. कितीही छान जागा असली तरी नाही. आणि तुमच्या ओळखीच्या कोणाचं असं शेततळं असेल तर त्याला सांगा, काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेव. कोणाचाही जीव वाचू शकतो.

दुसरं, रानडुकरं. डुकरं पीक लोळवतात म्हणून शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात. त्याने कुत्रा किंचाळतो, घाबरतो, पण सहसा मरत नाही. काही ठिकाणी मात्र चोरून थेट विजेचा प्रवाह सोडलेली तार असते. ती माणसालाही मारते. आणि डुकरांसाठी कणकेत स्फोटक भरून गावठी बॉम्ब ठेवणारे शिकारीही आहेत. वासाने कुत्रा तो तोंडात धरतो आणि जबडाच जातो. म्हणून जंगलाच्या कडेचं वावर नको, आणि मालकाला "तार कुठे आहे, चालू आहे का?" हे विचारल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही.

फवारणीचं तुम्ही ऐकलं असेल. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सगळ्या देशात त्याची बातमी झाली. तीच औषधं पानावर, मातीत, धुऱ्यावर टाकलेल्या रिकाम्या डब्यात, नालीतल्या पाण्यात असतात. कुत्रा जमिनीला नाक लावून चालतो, पाय चाटतो, डबक्यातलं पाणी पितो. जुलै ते ऑक्टोबर उभ्या कपाशीत, सोयाबीनमध्ये त्याला शिरू देऊ नका. वावरातून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा. प्यायचं पाणी घरून न्या. तोंडाला खूप लाळ, अंग थरथरणं, उलट्या, बाहुल्या बारीक होणं, असं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. या प्रकारच्या बऱ्याच विषांवर अ‍ॅट्रोपिन हे इंजेक्शन चालतं, आणि गुरांनाही तीच बाधा होते म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना ते ओळखीचं असतं. मिळाली तर औषधाची बाटली किंवा तिचा फोटो बरोबर न्या.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही आपल्याकडे आहेत. कुटाराच्या (भुशाच्या) गंजीजवळ, दगडांच्या ढिगाजवळ, पऱ्हाट्यांच्या राशीजवळ कुत्र्याला उकरू देऊ नका. चावलाच तर चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका. कुत्र्याला उचलून गाडीत घाला आणि निघा. निघताना डॉक्टरांना फोन करा म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का ते बघून ठेवतील. शकुंतलेच्या रुळांची बाजू मी याच कारणासाठी सोडायला सांगेन. गिट्टीच्या फटी आणि दोन्हीकडची बाभळीची झुडपं म्हणजे सापांना घरच. पट्ट्यात चालवायला ती वाट छान आहे, मोकळं सोडायला नाही.

बिबट्या आणि वाघाचं भय दाखवून तुम्हाला घरी बसवायचं नाही. पण नाले आणि पांदणी हे त्यांचेही रस्ते आहेत. २०१९ मध्ये आपल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ निघाला आणि तेलंगणाचा फेरा मारत, शेतं आणि नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता म्हणून त्याचा प्रवास कळला. वाटेतल्या कितीतरी गावांना तो शेजारून गेल्याचा पत्ताही लागला नसेल. म्हणून उजाडल्याशिवाय वावरात जायचं नाही आणि दिवेलागणीच्या आधी घरी यायचं. परिसरात बिबट्या दिसल्याची बातमी असेल तर ते काही आठवडे वावर बंद. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

अभयारण्यात किंवा जंगलात चिकूला कधीच नेऊ नका. सशामागे, रोह्यामागे (नीलगायीमागे), हरणामागे कुत्रा लागला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रकरण तुमच्या अंगाशी येऊ शकतं. मला कायद्यापेक्षा रोगाची काळजी जास्त वाटते. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तो कुत्र्यांचा रोग आहे. आपल्या घरच्या कुत्र्याला लस दिलेली असणं हे जंगलासाठीही करायचं काम आहे.

मोकळं सोडण्याची तयारी घरातून सुरू होते. बाजारातून लांब पट्टा मागवायची गरज नाही. बैलाचा सुती कासरा घ्या, दोन जोडून दहा-बारा मीटर करा. नायलॉनचा नको, हात सोलून निघतात. तो गळ्याच्या पट्ट्याला न बांधता छातीपट्ट्याला बांधा, नाहीतर जोरात पळून झटका बसला की मानेला इजा होते. पहिले तीन-चार आठवडे चिकू वावरात किंवा लॉनमध्ये कासऱ्यावरच. टोक जमिनीवर ओढत जाऊ द्या. तुम्ही "चिकू, ये" म्हणा, आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या आणि परत खेळायला सोडा. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. बहुतेक लोक कुत्र्याला फक्त घरी जायचं असलं की बोलावतात, मग तो समजून जातो की हाक म्हणजे खेळ संपला. दहा वेळा बोलवून नऊ वेळा परत सोडाल तर दहाव्या वेळीही तो येईल. बकऱ्या, गाय, बदकं समोर असतानाही दहापैकी दहा वेळा येतो असं झालं की कासरा काढा. नाही झालं तर भिंतीच्या आतच मोकळा सोडा, बाहेर कासऱ्यावरच ठेवा. कासऱ्यावर पळणारा लॅब्रॅडॉरही खूश असतो.

कोपऱ्यावरच्या कुत्र्यांचं म्हणाल तर ती आपली गल्ली राखत आहेत. त्यांना दगड मारलात तर उद्या तुम्हाला लांबून ओळखून आणखी भुंकतील. वाट बदला. सकाळी चिकूला घराच्या दारापासून पायी न नेता गाडीत घालून लॉनच्या गेटपर्यंत न्या. शेजारी म्हणतील कुत्र्यासाठी पेट्रोल जाळता. म्हणू द्या. पायी जावंच लागलं तर हातात काठी ठेवा, उगारू नका, पळू नका, मधे उभं राहून चिकूला मागे घ्या आणि सावकाश निघा. मुलांना हेच शिकवा: कुत्रं अंगावर आलं की झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, डोळ्यांत बघायचं नाही. आणि कुठलंही कुत्रं चावलं किंवा नखं लागून रक्त आलं, आपलं असो वा गल्लीतलं, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद-चुना लावत बसायचं नाही. चिकूची रेबीजची लस दर वर्षी, तारीख कॅलेंडरवर लिहून. या बाबतीत मी कुठलीही सूट देत नाही.

मुलांना घेऊन जायचं म्हणता, तर मोठी माणसं दोन हवीत. एक मुलांची, एक कुत्र्याची, आणि मधे अदलाबदल करायची नाही. पहिली वीस मिनिटं चिकू पळेल आणि मुलं एका जागी बसतील, धुऱ्यावर, झाडाखाली. बत्तीस-पस्तीस किलोचा कुत्रा मजेत येऊन धडकला तरी चार वर्षांचं पोर उताणं पडतं. त्याचा पहिला जोर निघून गेला, जीभ बाहेर आली, तो येऊन बसला, मग मुलांनी चेंडू टाकायचा. डबा उघडायचा तो चिकूला पट्टा लावून झाडाला बांधल्यावर. आणखी एक, तुमच्या मुलीला काहीतरी काम द्या. घरी आल्यावर चिकूच्या बोटांमध्ये आणि कानात कुसळ आणि गोचीड आहे का ते बघायचं. पावसाळा संपल्यावर कुसळी गवताची टोकं कातडीत शिरतात आणि आत सरकत जातात, तर गोचिडातून ताप येतो. नऊ वर्षांच्या मुलीची बारीक नजर या कामाला अगदी योग्य आहे. आणि तिला कळेल की चिकू राहावा म्हणून तीही काहीतरी करते आहे.

एप्रिलपासून जूनपर्यंत दुपारी आणि संध्याकाळीही जमीन तापलेली असते. हाताची मागची बाजू जमिनीवर ठेवून सात आकडे मोजा. चटका बसला तर चिकूला त्यावर चालवायचं नाही. त्या दिवसांत खेळ सकाळी सूर्य वर यायच्या आत, आणि तोही भिंतीच्या आत, कारण उजाडल्याशिवाय वावरात जायचं नाही असं वर सांगितलंच आहे. लग्नसराईत लॉन मिळणार नाही तेव्हा सुटीतली शाळा बघा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारून जा आणि विष्ठा एकूण एक उचला, कारण जूनमध्ये तिथे मुलं अनवाणी खेळतात आणि कुत्र्यांचे जंत मातीतून पायात शिरतात. धापा खूप वाढल्या, हिरड्या लालभडक झाल्या, चाल डगमगली तर उन्हाचा झटका समजा. साध्या पाण्याने पोट, जांघा, पाय भिजवा, पंख्याखाली ठेवा आणि दवाखान्यात न्या.

बाजार समितीच्या आवाराचा विचार तुमच्या मनात येईल, कारण तिथेही भिंत आहे. तिथे नको. शेतकऱ्याचा माल उघड्यावर पडलेला असतो.

थोडी दमदार इच्छा असेल तर एक लांबचं काम सांगतो. लेआउट मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तुमच्या आसपासच्या नव्या लेआउटमध्ये अशी ओपन स्पेस असेल, बहुधा तारेचं कुंपण, गंजलेलं फाटक आणि आत गाजर गवत. कुत्रा पाळणारी आणि न पाळणारी अशी आठ-दहा घरं मिळून नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज करा: जागा साफ करून द्या, फाटक दुरुस्त करा, आम्ही सकाळी सहा ते सात कुत्र्यांसाठी आणि उरलेला दिवस मुलांसाठी ठेवू, सफाई आमची. कुत्रा न पाळणाऱ्या घरांची सही आधी घ्या, त्यांच्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. आणि खरंच, त्यांचाही त्या जागेवर तेवढाच हक्क आहे. सासूबाईंना बरोबर न्या. घरोघरी त्यांचं बोलणं तुमच्यापेक्षा जास्त ऐकलं जाईल.

कायद्याची एक गोष्ट यजमानांसाठी. पाळलेल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये एवढी काळजी मालकाने घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चिकूने बकरी फाडली असती तर त्या बकऱ्यावाल्या माणसाचं मोठं नुकसान झालं असतं. तो चिडला, ते बरोबरच होतं.

आणि म्हणून तुमचं पहिलं काम सांगतो. या आठवड्यात, चिकूला घरी ठेवून, त्या बकऱ्यावाल्या बाबांना भेटा. मुलीलाही न्या. झालं त्याबद्दल माफी मागा. मग विचारा, कोणाचं वावर मोकळं झालं, कुठल्या नाल्यात पाणी आहे, तार कुठे सोडलेली आहे, बिबट्याचे ठसे कुठे दिसले, तुमच्या बकऱ्या सकाळी कोणत्या बाजूला असतात. दारव्ह्याच्या शिवारातलं हे सगळं त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नाही. त्यांनी सांगितलेल्या बाजूला, त्यांच्या बकऱ्या नसतील त्या वेळी, कासरा घेऊन जा. पहिल्या दिवशी काय झालं ते मला कळवा.